दोन पगार, एक मोटरसायकल

चिंचवडच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ४२. हातात पडणारा पगार १ लाख १५ हजार, पत्नी शिक्षिका, तिचा पगार ४८ हजार. मुलगी आठवीत. घराचे ३१ लाख रुपये कर्ज बाकी. दारात २०१९ची कावासाकी निंजा ६५०, ३१ हजार किलोमीटर चाललेली, कर्ज फिटलेली. ती ४ लाख १० हजारांना डीलरला देऊन २०२१ची निंजा १०००एसएक्स ८ लाख ७५ हजारांना घ्यायची आहे. मधले ४ लाख ६५ हजार असे उभे करायचे: २ लाख मुलीच्या शिक्षणासाठी चाललेल्या म्युच्युअल फंडातून, उरलेले २ लाख ६५ हजार ७ टक्के फ्लॅट व्याजाने, ४ वर्षांच्या कर्जातून. ‘वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरतो, बहुतेक वेळा दोघेही. मागे बसून बायकोची कंबर दुखते. बदलू का?’

तुमच्या पत्रातली ‘बहुतेक वेळा दोघेही’ ही ओळ मी दोनदा वाचली. तिच्याकडे येतोच. आधी गाडीचे बोलू.

तुमची ओढ मला पटते. ६५०चे इंजिन दोन सिलिंडरचे, ६८ पीएसचे (पीएस हे इंजिनाच्या ताकदीचे माप). १०००एसएक्सचे चार सिलिंडरचे, १०४३ सीसीचे, १४२ पीएसचे. टाकी १५ लिटरऐवजी १९ची, क्रूझ कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटर न धरता ठरवलेला वेग राखणारी सोय) आहे, सामानाचे डबे मुळातच गाडीच्या अंगात बसतील अशी रचना. दोघांनी सामानासह गोकर्ण-हंपी करायचे तर फरक पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच कळतो. हा पैसा उधळण्याचा विषय आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. दोघांना एकत्र आवडणारी गोष्ट संसारात फार कमी असते, ती जपायलाच हवी.

पण तुम्ही धरलेला ४ लाख ६५ हजारांचा फरक खरा नाही. जुनी गाडी घेताना टायरच्या कडेवरचा चार आकडी क्रमांक बघा. २३२१ असेल तर तो २०२१च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी १४ हजार किलोमीटरच चालली आहे असे विक्रेता सांगतो, म्हणजे बहुधा मूळचेच टायर आहेत आणि नक्षी उरली असली तरी रबर कडक झालेले असणार. १९० मापाच्या मागच्या टायरसह जोडीला ३६ हजार धरा. विमा आणि नाव बदलण्याचा खर्च मिळून ३२ हजार. फरक झाला ५ लाख ३३ हजार.

पुढे दरवर्षीचा हिशेब. तुमच्या गाडीची किंमत पडायची तेवढी बरीचशी पडून झाली आहे, वर्षाला २५ हजारांनी उतरेल. नवी आलेली ७० हजारांनी. हा फरकच ४५ हजार. तुम्हाला आज लिटरला २२ किलोमीटर मिळतात, तिथे १७ धरले आणि पेट्रोल १०५ रुपये, तर सहा हजार किलोमीटरला ८० लिटर जास्त, म्हणजे ८,४०० रुपये. टायर लवकर झिजतील आणि महाग पडतील, त्याचे ८ हजार. सर्व्हिसिंगचे १० हजार, विम्याचे ९ हजार. हे ८० हजार झाले. कर्जाचे व्याज वर्षाला साडेअठरा हजार आणि फंडातून काढलेल्या २ लाखांनी न कमावलेले, दहा टक्क्यांनी धरले तर, २० हजार. सगळे मिळून १ लाख १९ हजार, आजच्या खर्चाच्या वर. वर्षातले २४ दिवस तुम्ही भटकता असे लिहिले आहे. म्हणजे एका दिवसाला जवळपास पाच हजार रुपये जास्त. तेवढ्यात कोकणात चांगल्या ठिकाणी दोघांचा एक मुक्काम होतो. तुम्हाला ते पाच हजार सार्थकी लागतील असे वाटत असेल तर तो निर्णय तुमचा, मी आड येणार नाही. आकडा मात्र डोळ्यांसमोर असू द्या.

शिवाय ही ताकद वापरायची कुठे? पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी. तुमचे रस्ते ताम्हिणी, आंबोली आणि कोल्हापूरकडचा महामार्ग. तिथे ६५० कमी पडते असे तुम्हीसुद्धा लिहिलेले नाही. तुमची तक्रार मागच्या सीटची आहे. मग आधी सीट बांधून घ्या, उंच काच बसवा, मागचे सस्पेन्शन दोघांच्या वजनाला जुळवून घ्या, बॅगा टाका. ३५ हजारांत होईल. एवढे करूनही कंबर दुखली, तर मोठ्या गाडीची गरज निदान सिद्ध तरी होईल. मोठी गाडी घेण्याआधीही पत्नीला तिच्यावर किमान दोनशे किलोमीटर बसवून आणा. शोरूमच्या दारातल्या फेरफटक्यावरून कंबरेचे काही कळत नाही.

कर्जाबद्दल थोडक्यात. ७ टक्के फ्लॅट म्हणजे पूर्ण रकमेवर चारही वर्षे व्याज, तुम्ही फेडत गेलात तरी. २ लाख ६५ हजारांवर ७४,२०० व्याज, हप्ता ७,०६७. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतो. गृहकर्जाशी तुलना करताना ७ हा आकडा मनातून काढून टाका. आणि मुलीच्या फंडाला हात लावू नका. आठवीतल्या मुलीची मोठी फी चार-पाच वर्षांवर आली आहे. इथे मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

आता त्या ओळीकडे. तुमचा टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाल्यासच घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा, ५० लाखांचा. त्यातून ३१ लाखांचे घर सुटले की १९ उरतात. पत्नीला स्वतःचा विमाच नाही. तुमच्या घरातले दोन्ही पगार वर्षातल्या त्या २४ दिवसांपैकी बहुतेक दिवस एकाच गाडीवर, एकाच घाटात, एकाच वळणावर असतात, आणि मुलगी आजीकडे. चारचाकीत चौघांभोवती पत्रा असतो, तुमच्याभोवती जॅकेट. मला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण तुमच्या पत्रात गाडीच्या विम्याची चौकशी आहे आणि माणसांच्या विम्याची नाही, म्हणून लिहितो. गाडीच्या पॉलिसीसोबतचे मालक-चालकाचे अपघात संरक्षण १५ लाखांचे असते आणि ते चालवणाऱ्या मालकाचे, मागे बसलेल्या पत्नीचे नव्हे.

तुमचा विमा दीड कोटीपर्यंत न्या, पत्नीचा ७५ लाखांचा काढा. २२ सप्टेंबर २०२५पासून व्यक्तिगत आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. दोघांचा मिळून महिन्याला तीन हजारांच्या आसपास जाईल. प्रस्तावात छंदाबद्दल विचारले तर खरे लिहा. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गाडी पळवायला जात असाल तर तेही. तिथे लपवलेले पुढे मुलीला भोवते.

जीएसटीवरून आठवले, नव्या गाडीचा विचार सोडलात ते बरे केले. त्याच दिवसापासून ३५० सीसीवरच्या दुचाकींवरचा कर ३१ टक्क्यांवरून ४० झाला.

तर माझे मत: बदला, पण आत्ता नाही, आणि या पैशाने नाही. महिन्याला १५ हजार बाजूला पडतात म्हणता. ३ हजार विम्याला, १२ हजार आवर्ती ठेवीत. दोन वर्षांत व्याजासह तीन लाखांच्या वर जातील. दिवाळीचा बोनस तुम्ही ६० हजार लिहिला आहे. दोन दिवाळ्यांचे १ लाख २० हजार. झाले सव्वाचार लाख. तोवर ती एसएक्स माझ्या अंदाजाने ७ लाख ३५ हजारांवर आलेली असेल, तुमची ६५० साडेतीन-पावणेचारवर. टायर-विमा धरून फरक साडेचार लाखांच्या आत. वीस-पंचवीस हजार कमी पडतील, ते तेव्हाच्या पगारातून. कर्ज शून्य, फंड शाबूत.

६५० विकाल तेव्हा डीलरआधी थेट गिऱ्हाईक शोधा, तीस-चाळीस हजार सहज जास्त मिळतात. फक्त फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नाव तुमचे आहे तोवर जबाबदारीही तुमच्याच दारात येते. बँकेचा बोजा आरसीवरून उतरवला आहे का, तेही आजच बघा. कर्ज फेडून मंडळी ते हमखास विसरतात. आणि पाच वर्षे दावा न केल्याची ५० टक्के सवलत तुमची आहे, गाडीची नाही. विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घ्या, ते तीन वर्षे चालते आणि पुढच्या दुचाकीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यातून थेट वजा होते.

विक्रेत्याला रविवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे म्हणालात. त्याला नाही म्हणून कळवा. सोमवारी पत्नीच्या विम्याचा प्रस्ताव भरा, आणि त्या आठवड्यात गाडी सीटवाल्याकडे सोडा. पुढच्या फेरीला तिला मागे बसवून ताम्हिणीने जाऊन या आणि कंबर कशी आहे ते मला जरूर लिहा.