अभिलंब: ओळंब्याचा की गुण्याचा?

प्रश्न असा आहे: उतारावर स्थिर असलेल्या ठोकळ्याच्या गणितात पृष्ठभागाच्या बलाला ‘अभिलंब बल’ म्हणतात. लंब म्हणजे तर सरळ उभा. मग आकृतीत तो बाण तिरका का? आणि त्याऐवजी ‘प्रतिक्रिया बल’ म्हटलं तर चालेल का?

शंका रास्त आहे, कारण ती शब्दाच्या मुळातूनच येते. संस्कृत ‘लंब्’ म्हणजे लोंबणे. गवंड्याचा ओळंबा याच कुळातला, आणि तो नेहमी सरळ खालीच लोंबतो. पण भूमितीत शिरल्यावर लंबाने ही दिशा सोडली. ‘बिंदूतून रेषेवर लंब टाका’ म्हणतो तेव्हा रेषा तिरकी असेल तर लंबही तिरकाच पडतो. त्रिकोणाचे तीन शिरोलंब घ्या: तिघेही लंब, पण कागदावर उभा त्यांतला फार तर एक. अभिलंब हा या भूमितीतल्या लंबाचा भाऊ आहे. इंग्रजी ‘नॉर्मल’ ज्या लॅटिन ‘नॉर्मा’वरून आला, त्याचा अर्थच सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार. (प्रकाशाच्या धड्यात याच रेषेला आपण ‘स्तंभिका’ म्हणतो. तिथेही खांब उभाच असं वाटतं, पण भिंतीवरच्या आरशाची स्तंभिका आडवी असते.)

तेव्हा आकृती काढताना वजनाचा बाण ओळंब्याने काढायचा आणि अभिलंबाचा गुण्याने, म्हणजे पृष्ठभागाशी काटकोनात.

आकडे घालून पाहू. ५ किलोचा ठोकळा, ३० अंशांचा उतार. वजन ५ × ९.८ = ४९ न्यूटन, सरळ खाली. त्याचा उताराला काटकोनातला घटक ४९ × कोज्या (cos) ३० = ४२.४ न्यूटन, तेवढंच अभिलंब बल. उताराच्या दिशेचा घटक ४९ × ज्या (sin) ३० = २४.५ न्यूटन, तो घर्षण पेलतं. त्यासाठी स्थितिक घर्षणांक (जास्तीत जास्त मिळू शकणारं घर्षण भागिले अभिलंब बल) किमान ०.५८ हवा. आता कोणी अभिलंब उभा काढून ४९ न्यूटन धरला आणि वर २४.५ न्यूटनचं घर्षणही दाखवलं, तर वजन आणि अभिलंब एकमेकांना रद्द करतात, घर्षण एकटं उरतं आणि ठोकळा आपोआप उतार चढू लागतो!

तरी तो उभा बाण अगदीच निराधार नाही. ४२.४ आणि २४.५ यांची सदिश (दिशा धरून केलेली) बेरीज बरोबर ४९ न्यूटन येते, आणि तीही सरळ वर. म्हणजे उताराचा एकूण आधार खरंच उभा आहे. त्या आधाराचा काटकोनातला भाग तो अभिलंब, पृष्ठभागालगतचा भाग ते घर्षण. पूर्ण आधार काढून पुन्हा घर्षण काढलं की एकच बल दोनदा मोजलं जातं.

आता ‘प्रतिक्रिया’. पुस्तकांत ‘अभिलंब प्रतिक्रिया’ छापलेलं आढळतं आणि ते चूक नाही, पण शिकणाऱ्याने तो शब्द टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो वाचला की टेबलावरच्या पुस्तकाचं वजन ही क्रिया आणि टेबलाचा आधार ही तिची प्रतिक्रिया, अशी जोडी मनात बसते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी दोन वेगळ्या वस्तूंवर काम करते: पृथ्वी पुस्तकाला ओढते, पुस्तक पृथ्वीला. वजन आणि अभिलंब ही दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत. सपाट टेबलावर ती समान दिसतात ती पुस्तक स्थिर आहे म्हणून. ४९ न्यूटन वजनाचं काहीही वरून १० न्यूटनने दाबा: वजन तेवढंच राहतं, अभिलंब ५९ होतो.

‘अभिलंब’ या शब्दाची खरी कसोटी गुळगुळीत, म्हणजे घर्षण नसलेल्या, भिंतीला टेकलेल्या शिडीवर लागते. शिडी एकसारखी, वजन २०० न्यूटन, जमिनीशी कोन ६० अंश. भिंत उभी, म्हणून तिचा अभिलंब आडवा. शिडीच्या पायाभोवती आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम) घेतलं की तो ५७.७ न्यूटन येतो, आणि जमिनीचं घर्षणही तेवढंच लागतं. इथे ‘लंब म्हणजे उभा’ धरून बाण वर काढला, तर भिंतीचं बल १०० न्यूटन, जमिनीचं १००, घर्षण शून्य असं उत्तर येतं. वाईट हे की ते समतोलाच्या तिन्ही समीकरणांत (आडवी बलं, उभी बलं, आघूर्ण) चपखल बसतं, त्यामुळे ताळा घेऊनही चूक सापडत नाही. त्या उत्तरानुसार तेल सांडलेल्या फरशीवरही शिडी उभी राहायला हवी.