श्वास घेताना हवा शिरते म्हणून छाती फुगते का?

उलट आहे. छाती फुगते म्हणून हवा आत शिरते. फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही; खरी मेहनत छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासपटलाची. हा घुमटासारखा स्नायू आकसून खाली सपाट होतो, बरगड्या वर-बाहेर सरकतात, आतला दाब किंचित उतरतो आणि साधारण 500 मिली हवा आत येते. उताणं झोपून पोटावर वही ठेवा, वर-खाली होताना दिसेल. श्वास सोडताना एरवी काहीच करावं लागत नाही, ताणलेली फुप्फुसं आपोआप आकसतात. गंमत म्हणजे आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, तर बाहेर पडणाऱ्या हवेतही सुमारे 16 टक्के उरतोच. म्हणून तर तोंडाने दिलेला श्वास बेशुद्ध माणसाच्या कामी येतो. आणि उचकी? तेच श्वासपटल, अचानक आकसलेलं.