कॅन्सल तुम्ही केलं की पावसानं?

कोल्हापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. लग्नाआधी 26 बहिणी-मैत्रिणींनी मिळून गगनबावड्याजवळच्या एका शिबिर केंद्रात दोन दिवसांचं केळवण ठरवलं. भाडं 78 हजार, त्यातले 40 हजार आगाऊ. तारीख जुलैअखेरचा शनिवार. पावसामुळं जाणं झालं नाही आणि मालक पैसे द्यायला तयार नाहीत. ‘वर्षभरात कधीही या’ म्हणतात. लग्न होऊनही आता चार महिने झालेत.

ताई, अशी पत्रं दर पावसाळ्यानंतर येतात. जुलैअखेरीस मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरी तुम्ही तीच तारीख धरलीत, आणि सही करताना फॉर्मवरचं सातवं कलम वाचलं नाहीत: ‘पाहुण्यांनी बुकिंग रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.’

सगळं घोडं इथंच अडलंय. गुरुवारी रात्री 9.40 ला तुम्ही मालकांना लिहिलंत, ‘पाऊस फार आहे, कॅन्सल करा.’ रस्ता बंद झाला शुक्रवारी सकाळी. म्हणजे रद्द तुम्ही केलं, पावसानं नाही, असं मालकांचे वकील म्हणणार.

पण एक फट आहे. एका बाजूनं ‘मी येत नाही’ म्हटलं म्हणून करार तिथल्या तिथं संपत नाही. समोरच्यानं ते मान्य करावं लागतं, नाहीतर करार जिवंत राहतो. गुरुवारी रात्रीच मालकांचं ‘ठीक आहे’ आलं असेल, तर कलम 7 तुमच्या गळ्यात. ते गप्प राहिले आणि शुक्रवारी दुपारी थेट ‘रस्ता बंद आहे, येऊ नका’ असाच निरोप आला असेल, तर करार तोवर जिवंत होता आणि तो पावसानं मोडला असं म्हणता येतं. मग करार पाळणंच अशक्य झालं की तो संपतो असं सांगणारं करार कायद्याचं कलम 56 लागू होतं आणि कलम 65 प्रमाणे घेतलेले पैसे परत करावे लागतात. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट नेमका तुमच्या मेसेजपाशी कापलाय! त्यावर फोन बदलला, बॅकअप घेतला नव्हता, हेही वर लिहिलंत. काय म्हणावं?

‘पावसाळ्यात पाऊस येणार हे माहीत नव्हतं का?’ असाही सवाल येईल. त्यात थोडा दम आहे, किती ते ग्राहक आयोगावर. ‘करार पावसानं मोडला’ ही बाजू हरलात तरी सगळे 40 हजार जातीलच असं नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मालकांना वाजवी भरपाईच मिळते, आणि नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये कैलाशनाथ प्रकरणात सांगितलंय. रस्ताच बंद होता, तर त्या शनिवारी दुसरं गिऱ्हाईक तरी कुठून येणार होतं? तरी किती परत मिळतील, याचा आकडा मी देणार नाही. आणि लग्नाआधीचं केळवण लग्नानंतर घ्या म्हणणाऱ्या मालकांना मी एवढंच विचारीन, जेवायला कोण, नवरा?

पोलिसांत जाऊ नका, ही फसवणूक नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जा. 5 लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षं, त्यातले काही महिने तुम्ही ‘बघू, देतील’ म्हणत घालवलेत. ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 38 म्हणतं तीन महिन्यांत निकाल लावा. प्रत्यक्षात वर्षभराच्या तारखांची तयारी ठेवा. म्हणून आधी नोटीस पाठवू. निम्म्यावर तडजोड झाली तर मी नको म्हणणार नाही.

तुमचं हे संभाषण चाललं होतं तो ग्रुप होता की फक्त तुम्ही आणि मालक? ग्रुप असेल तर 25 जणींपैकी एकीच्या तरी फोनात ते असेल. तिला सांगा, काही डिलीट करू नको, फोन बदलू नको. ते कोर्टात द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते तिच्याकडूनच घेऊ. गुरुवार रात्र ते शुक्रवार दुपार, मधली एकही ओळ न गाळता पाठवा.