गोल ओंडका बँडसॉवर चिरताना

प्रश्न: आंब्याचा सहा इंची ओंडका बँडसॉवर (दातेरी पट्टा फिरणारी यंत्रकरवत) उभा चिरताना मध्येच गरकन फिरतो आणि पट्टा अडकतो. उपाय सांगा. (एक वाचक, मिरज)

उत्तर: ओंडक्याला सपाट बूड नसते, म्हणून दाते त्याला फिरवतात. हाताने दाबून धरणे धोक्याचेच. त्याला घसरपाटावर, म्हणजे ओंडक्यासकट टेबलावर सरकणाऱ्या पाटावर, जखडा. १८ मिमी प्लायचा पाट ओंडक्यापेक्षा वीतभर लांब घ्या. खाली टेबलाच्या खाचेत सैल न होता सरकेल अशी सागाची पट्टी बसवा. तेल नको, मेण घासा. पाटाची कड आधी पट्ट्यानेच कापून घ्या, तीच तुमची चिरण्याची रेघ. दोन्ही टोकांना काटकोनी ठोकळे, त्यातला एक पुढेमागे सरकणारा. ठोकळ्यांतून ओंडक्याच्या तोंडात लांब स्क्रू पिळा, पण रेघेपासून लांब, नाहीतर दाते गेलेच!

पहिली बाजू सपाट झाली की ती पाटावर टेकवून दुसरी काटकोनात काढा. पुढे पाट नको, फेन्स (टेबलावरची सरळ आधारपट्टी) पुरे.

चीर पोटासारखी फुगते का? पट्टा बोथट, ढिला किंवा बारीक दात्यांचा असणार. बारीक दात्यांतून भुसा बाहेर पडत नाही. अर्धा-पाऊण इंच रुंद, इंचाला तीन दाते घ्या आणि सावकाश ढकला. ओल्या आंब्याला तर हे हवेच.