व्यावसायिक संस्थेच्या स्थानिक शाखेचं सभासद व्हावं का? लगेच सचिव व्हा म्हणतायत, काय करू?

तुम्ही विचारलंय की चार वर्षं नोकरी झाल्यावर आपल्या क्षेत्रातल्या संस्थेच्या स्थानिक शाखेत जावं का, करिअरला त्याचा उपयोग होतो का, आणि शाखेतले लोक आत्ताच 'सचिव व्हा' म्हणून मागे लागलेत त्यांना काय सांगावं. तुमचे एक सहकारी याला 'लष्कराच्या भाकऱ्या' म्हणतात, असंही लिहिलंय. ते वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले. हेच शब्द आमच्या शाखेच्या अध्यक्षांनी भर बैठकीत मला ऐकवले होते, मी सचिव असताना.

सभासद व्हा. त्यात विचार करण्यासारखं फार काही नाही. फक्त एक बघून घ्या: काही संस्थांत मुख्य सभासदत्व घेतलं म्हणजे शाखेचं आपोआप मिळत नाही. प्रकल्प व्यवस्थापकांच्या पीएमआय या संस्थेचंच बघा, तिथे चॅप्टरची, म्हणजे स्थानिक शाखेची, वर्गणी वेगळी भरावी लागते. करिअरचं म्हणाल तर थेट फायदाही असतो. पीएमपी हे त्यांचं प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत 60 पीडीयू, म्हणजे व्यावसायिक विकासाचे गुण, लागतात, त्यातले जास्तीत जास्त 25 शाखेचं काम करण्यासारख्या सेवेतून मिळू शकतात. पण गुणांसाठी कोणी सचिव होऊ नये, त्याचं काम आठ दिवसांत उघडं पडतं.

आता सचिवपदाचं. मी विजेच्या क्षेत्रात, प्रोटेक्शनच्या कामात आहे, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारी यंत्रणा बघते. सचिव झाले तेव्हा माझ्या हातात काय आलं? लेटरहेडचा एक गठ्ठा. सभासदांची यादी आधीच्या सचिवांच्या खाजगी मेलमध्ये आणि ते नोकरी बदलून परदेशी गेलेले. बँकेच्या खात्याला दोन सह्या लागत, त्यातली एक त्यांचीच. इतिवृत्ताची वही कोणाकडे आहे, याची चौघांनी चार उत्तरं दिली. मागचा वार्षिक अहवाल मुख्यालयाला गेलेलाच नव्हता, म्हणून तिथून शाखेला येणारा निधी अडकलेला. अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "अहो मॅडम, इतकी वर्षं सगळं विश्वासावर चाललंय."

बँक विश्वासावर सही बदलत नाही. तिला ठराव लागतो. ठरावाला रीतसर सभा लागते आणि सभेला कोरम. आमचा कोरम भरतच नव्हता. मग मी मिळतील तिथून नंबर गोळा केले आणि एकेका सभासदाला फोन लावला. बहुतेकांनी एकच सांगितलं, आम्हाला बोलावलंच कोणी नाही. वर्षातून एकदा मोठा समारंभ होतो, त्याचं छापील आमंत्रण येतं, व्यासपीठावर सत्कार होतात, पाहुणे बोलतात, आम्ही टाळ्या वाजवून घरी येतो. यायचं कशाला?

म्हणून दर महिन्याला छोटी बैठक सुरू केली. वक्ता नाही, सत्कार नाही. ज्याचं काम अडलंय त्याने ते घेऊन यायचं. सुरुवातीच्या एका बैठकीत एक मुलगी आली, नोकरीत नवीन. तिच्याकडे रिलेच्या रेकॉर्डिंगचा कागद होता. ट्रान्सफॉर्मर चार्ज केला, म्हणजे त्याला वीज जोडली, की डिफरन्शियल रिले (आत जाणारा आणि बाहेर येणारा करंट ताडून आतला फॉल्ट ओळखणारं उपकरण) ट्रिप होत होता, सगळ्या टेस्ट ठीक आलेल्या, आणि साइटवरचे वरिष्ठ सांगत होते की ट्रान्सफॉर्मर आतून गेलाय. मागे बसलेले एक निवृत्त इंजिनिअर उठले, कागद दिव्याजवळ धरला आणि विचारलं, "सेकंड हार्मोनिकचं ब्लॉकिंग किती टक्क्यांवर ठेवलंय?" ती म्हणाली, 15. त्यांनी तिच्याकडून तिन्ही फेजचे आकडे वाचून घेतले. एका फेजमध्ये सेकंड हार्मोनिक त्याच्या खाली होतं, म्हणून तिथे रिलेचं ट्रिपिंग अडवलं जात नव्हतं. चार्जिंगच्या वेळी जो इनरश करंट येतो तो रिलेला ओळखू येतो या सेकंड हार्मोनिकवरूनच, म्हणजे करंटमधल्या दुप्पट फ्रीक्वेन्सीच्या भागावरून, आणि नव्या, कमी लॉसच्या कोअरमध्ये त्याचं प्रमाण जुन्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा बरंच खाली जाऊ शकतं. रिलेला इनरश हा आतला फॉल्ट वाटत होता. त्यावर फळ्यापाशी दोन ज्येष्ठांचं जोरदार भांडण जुंपलं: सेटिंग खाली आणावं, की एका फेजने ब्लॉक केलं तर तिन्ही थांबतील असं क्रॉस ब्लॉकिंग द्यावं. दुसऱ्या उपायात चार्जिंगच्याच वेळी खरा फॉल्ट असला तर ट्रिपिंगला उशीर होण्याचा धोका असतो. ती मुलगी भराभरा लिहून घेत होती. पुढच्या महिन्यात ती आपल्या ऑफिसातल्या दोघांना घेऊन आली. कोरमची काळजी त्यानंतर मला कधी करावी लागली नाही. ठराव झाला, बँकेतली सही बदलली, अहवाल गेला, निधी सुटला.

आणि याच कामाला अध्यक्ष लष्कराच्या भाकऱ्या म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की सचिवाने लिहायचं काम करावं, नेतृत्व वजनदार माणसाचं असतं. दाखला दिला थॉमस टेलफर्ड या नामवंत ब्रिटिश इंजिनिअरचा. लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स 1818 मध्ये निघाली, पण टेलफर्ड 1820 मध्ये पहिला अध्यक्ष झाला तेव्हा कुठे तिला वजन आलं. दाखला खरा आहे. 1828 मध्ये तिला राजसनदही मिळाली ती त्याच्याच काळात. पण 1818 ची ती पहिली बैठक बोलावली कोणी? हेन्री पामर आणि त्याच्यासारख्या काही तरुण इंजिनिअरांनी, कॉफी हाउसात बसून. टेलफर्डला अध्यक्ष होण्यासाठी संस्था आधी त्यांनी उभी केली. आणि टेलफर्ड नुसतं नाव देऊन मोकळा झाला नाही. त्याने संस्थेच्या ग्रंथालयासाठी आपली पुस्तकं दिली आणि सभांना तो स्वतः हजर असायचा. आमचे अध्यक्ष मासिक बैठकीला किती वेळा आले ते इतिवृत्तात आहे, कोणीही वाचावं.

तेव्हा तुमच्या शाखेत पद घ्यायचंच असेल तर सचिवपदच घ्या. उपाध्यक्ष वगैरे शोभेची पदं नम्रपणे नाकारा. शाखा चालते ती यादी, इतिवृत्त, पत्रव्यवहार आणि फोन यांवर, आणि ते सगळं सचिवाच्या हातात असतं. मात्र 'हो' म्हणायच्या आधी अटी घाला, आणि त्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. शाखेचा मेल पदाच्या नावाने हवा, माणसाच्या नावाने नको. बँकेतल्या सह्या कार्यकारिणी बदलल्यावर त्याच सभेच्या ठरावाने बदलल्या पाहिजेत. पासवर्ड, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, अहवालाची मुदत, सभागृहासाठी कोणाशी बोलायचं, हे एका वहीत असावं आणि ती वही सभेत सगळ्यांसमोर पुढच्याच्या हातात जावी. मी अशी वही करून दिली होती. माझ्यानंतरचे सचिव ती वापरतात आणि त्यात भर घालतात, याचा मला फार आनंद आहे. आणि कोणालाही अध्यक्षपद लागोपाठ तिसऱ्यांदा देऊ नका, घटनेत नसेल तर दुरुस्ती आणा. टेलफर्ड 14 वर्षं अध्यक्ष होता, हे मला माहीत आहे. प्रत्येक शाखेला टेलफर्ड मिळत नाही.

वेळ किती जातो हेही विचारलंय. खजिनदाराचा वर्षअखेरीला एकदम जातो, सचिवाचा दर आठवड्याला थोडा थोडा, आणि जोडीला सहसचिव नसेल तर बराच. घरात तान्हं मूल असेल किंवा फिरतीची नोकरी असेल तर यंदा नुसते सभासद राहा, कोणी वाईट मानत नाही. पद घेण्याआधी ऑफिसची लेखी परवानगी घ्या, विशेषतः तुमची कंपनी शाखेच्या कार्यक्रमांना पैसे देत असेल तर. आणि बैठकीत कोणी आपल्या साइटचा कागद आणला तर त्यावरचं नाव झाकून आणायला सांगा. आम्ही हा नियम पहिल्या बैठकीपासून पाळला. शिवाय मी जे सांगितलं ते ऐच्छिक सभासदत्वाच्या संस्थेचं. जिथे सभासद झाल्याशिवाय व्यवसायच करता येत नाही, तिथल्या निवडणुका आणि राजकारण वेगळं असतं, त्यावर मी बोलणार नाही.

त्यांना आत्ता इतकंच कळवा की आधी दोन बैठकांना येऊन बसतो. दुसऱ्या बैठकीनंतर मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि हिशेब बघायला मागा. तिथल्या तिथे दाखवले तर सचिवपद घ्या. 'बघू, शोधून ठेवतो' म्हणाले तर सभासद जरूर राहा, पण वरच्या अटी मान्य होईपर्यंत कशावर सही करू नका.