‘ती आमच्यात शोभणार नाही’

प्रश्न : माझी लेक अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यात कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी ती सोरॉरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या फक्त मुलींच्या संघटनांच्या, ‘रश’ला, म्हणजे निवड-फेऱ्यांना बसली. दुसऱ्या फेरीनंतर एकाही घराने, म्हणजे संघटनेने, तिला बोलावलं नाही. तिच्या गोऱ्या रूममेटला मात्र हव्या त्या घराचं ‘बिड’, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, मिळालं. त्या घरातली एक मुलगी रूममेटला म्हणाली, ‘ती गोड आहे, पण आमच्यात शोभणार नाही.’ लेक आता वर्ग सोडले तर खोलीबाहेर पडत नाही. हे रंगामुळे झालं का? न्यू जर्सीची वहिनी म्हणते, सोरॉरिटी नसेल तर ओळखी होत नाहीत, नोकरीला अडतं. मिस्टर म्हणतात, कॉलेजला खरमरीत ईमेल टाकतो, नाहीतर कॉलेजच बदलू. काय करावं? – एक आई, नाशिक

ताई, नमस्कार.

आधी रंगाचं बोलते. तुमच्या पत्रात तो प्रश्न चार शब्दांत येऊन गेलाय, पण लेकीच्या मनात तोच ठाण मांडून बसला असणार. तिच्या बाबतीत तसंच झालं, हे मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. शंका आली यात मात्र तुमचं काहीच चुकलेलं नाही.

रशची रीत बघा. मुली दारापुढे रांगेत उभ्या राहतात. दार उघडतं, आतून टाळ्या आणि गाणी. एक सदस्य मुलीला आत नेते, चार-पाच मिनिटं बोलते, तेवढ्यात दुसरी येते, मग तिसरी. कुठून आलीस, काय शिकतेस, सुट्टीत काय करतेस. रात्री आतल्या मुली नावांवर मत देतात आणि सकाळी फोनवर यादी येते, आज कुठल्या घरांनी बोलावलंय. का नाही बोलावलं, ते कोणी सांगत नाही. कांदेपोह्यांनंतर ‘कळवतो’ म्हणून गेलेली माणसं तरी कुठे कारण सांगतात! शिवाय आई-आजी त्याच संस्थेत होती का, गावातल्या जुन्या सदस्याने शिफारसपत्र दिलं का, हेही कित्येक ठिकाणी बघत आलेत. नाशिकच्या मुलीकडे ते कुठून असणार? म्हणजे कोणी मुद्दाम दुजाभाव केला नाही तरी ती चाळणीतून खाली पडणार, आणि कोणी केलाच, तर तो त्याच चाळणीआड लपणार.

असा दुजाभाव होतो हे उघड झालेलं आहे. अलाबामा विद्यापीठात १९६३ साली दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश अडवायला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभे राहिले होते. त्याला ५० वर्षं झाली, तरी तिथल्या परंपरेने गोऱ्या असलेल्या सोरॉरिटींमध्ये एखाददुसरा अपवाद सोडला तर कृष्णवर्णीय मुलगी नव्हती. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘क्रिमझन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने एका मुलीची हकिकत छापली. गुण उत्तम, घराणं विद्यापीठाशी जोडलेलं, आणि तरीही एकाही घराचं बिड नाही. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही : आतल्या काही मुलींना ती हवी होती. त्यांना थांबवलं ते माजी सदस्य असलेल्या बायकांनी. एका सदस्याने स्वतःच्या नावानिशी हे सांगितलं, म्हणून ते बाहेर आलं. मग विद्यापीठाच्या अध्यक्ष ज्यूडी बॉनर यांनी बिड देण्याची प्रक्रिया पुन्हा खुली करायला लावली आणि काही कृष्णवर्णीय मुली आत गेल्या.

म्हणून लेकीला ‘सोड गं, मनावर घेऊ नकोस’ असं म्हणू नका. तिला ते ‘तुझाच गैरसमज’ असं ऐकू येईल.

आता मिस्टरांचा ईमेल. तो पाठवू नका. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजात गेलेल्या मुलीच्या नोंदींवरचा हक्क तिचा असतो, आईवडिलांचा नाही. फी तुम्ही भरत असाल, तरी कॉलेज तुम्हाला गोड शब्दांत वाटेला लावेल. तक्रार करायची तर तिने करायची, तिला हवी असेल तरच. सोरॉरिटीला फक्त मुली घेण्याची कायद्याने मुभा आहे, वंशावरून निवडायची तशी सूट नाही. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कॉलेजात वंशभेदाच्या तक्रारी घेणारं कार्यालय असतं. तिथे ‘मला वाईट वाटलं’ याला वजन नसतं. तारीख, घराचं नाव, कोण काय बोललं, कुणी ऐकलं, याला असतं. तिने हे आजच वहीत उतरवून ठेवावं, महिन्याभरात शब्द पुसट होतात. आणि रूममेटला विचारल्याशिवाय साक्षीत ओढू नये, दोघींना वर्षभर एकाच खोलीत राहायचंय.

वहिनींचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वकिली, राजकारण, त्या राज्यातला स्थानिक व्यवसाय, इथे जुन्या सदस्यांच्या ओळखी चालतात. कॉम्प्युटर सायन्सच्या परदेशी विद्यार्थिनीचा रस्ता वेगळाच आहे. पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष झालं की सध्याच्या नियमांनुसार तिला सीपीटीवर, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाशी जोडलेलं काम करण्याच्या परवानगीवर, इंटर्नशिप करता येते. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ महिने आणि तिच्या विषयाला आणखी २४. या मुदतीत तिला नोकरीवर ठेवायला तयार असणारी कंपनी करिअर फेअरमध्ये भेटते, प्राध्यापकाच्या लॅबमध्ये ओळखीने कळते, सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्सच्या शाखेत सीनियर मुलींकडून समजते. सोरॉरिटीच्या वर्गणीपेक्षा या शाखेची वर्गणी किरकोळ असते, आणि तिथे कोणी टाळ्या वाजवत दार उघडत नाही, एवढंच!

तिला ‘घर’च हवं असेल तर तीही वाट आहे. गोऱ्यांनी दार लावलं तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या : १९०६ मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा, १९०८ मध्ये हॉवर्डला अल्फा कप्पा अल्फा. कमला हॅरिस या दुसरीच्या सदस्य. आपल्याकडच्या मुलींनी १९९८ मध्ये टेक्सासात कप्पा फाय गॅमा आणि डेल्टा फाय ओमेगा सुरू केल्या. पण ‘आपल्यातलीच’ म्हणून डोळे मिटून जाऊ नका. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजमधल्या एका आशियाई फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेच्या, ‘परंपरेत’ पहिल्या वर्षाच्या मुलाचा जीव गेला. डिसेंबर २०२४ च्या कायद्याने कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची हेझिंगची, म्हणजे आपल्या भाषेत रॅगिंगची, माहिती वेबसाइटवर टाकावी लागते. अर्ज करण्याआधी तिथे संस्थेचं नाव शोधायला सांगा.

कॉलेज बदलायचा विचार मे महिन्यापर्यंत काढूही नका. मध्येच बदललं तर व्हिसाची कागदपत्रं, क्रेडिट, शिष्यवृत्ती, सगळ्याची नव्याने मांडामांड. दुसऱ्या सत्राअखेर गुण, मैत्रिणी आणि इंटर्नशिप यांचं चित्र तिच्यासमोर असेल, तेव्हा तिला ठरवू द्या. दरम्यान झोप आणि जेवण बिघडलं असेल तर कॅम्पसवरच्या समुपदेशन केंद्रात एक चक्कर मारायला सांगा.

आणि तक्रार द्यायची असं तिने ठरवलं, तर मसुदा तिनेच लिहावा आणि मला पाठवावा. मी भाषा आणि तारखा बघून देते.