दादरहून ऑनलाइन साड्या विकतो. किरकोळ डागासाठी पूर्ण पैसे परत करावेत की काही रक्कम?

ग्राहकाला साडी ठेवायची असेल, तर अंशतः परतावा उभयपक्षी सोयीचा ठरतो; मात्र तो त्याच्या संमतीनेच द्यावा, कारण ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ही संमती व्हॉट्सअ‍ॅपवर न घेता विक्रीच्या संकेतस्थळावरील संदेशांतच घ्यावी, म्हणजे वाद झाल्यास पुरावा हाताशी राहतो. जीएसटी नोंदणी असल्यास परत केलेल्या रकमेची क्रेडिट नोट (मूळ बिलाची रक्कम कमी झाल्याचे दाखवणारा कागद) काढून कर त्याच प्रमाणात कमी दाखवावा. अन्यथा हाती न राहिलेल्या पैशांवरही कर भरावा लागतो. परत आलेले प्रत्येक पार्सल उघडताना चित्रीकरण करावे, मुंबईच्या पावसाळ्यात तर आवर्जून, कारण डाग मूळचा की वाटेतला हे नंतर सिद्ध करणे कठीण असते.